परवाना द्या, पण दारात वर्षं मोजू नका

पावसाळ्यात कुठेतरी इमारत कोसळते. ढिगाऱ्याखालून माणसं काढायचं काम चालू असतानाच चर्चा सुरू होते आणि दर वेळी त्याच दोन वाक्यांत अडकते. पहिलं वाक्य : ‘कुणीही उठतो आणि कॉन्ट्रॅक्टर होतो, दहा वर्षांचा अनुभव दाखवल्याशिवाय कुणाला घर बांधायचा परवानाच देऊ नये.’ दुसरं : ‘परवाना म्हणजे आणखी एक टेबल आणि आणखी एक पाकीट, आहे ते काय वाईट आहे?’ पहिलं म्हणणाऱ्यांना वाटतं, वर्षं मोजली की सुरक्षितता आली. दुसऱ्यांना वाटतं, भ्रष्टाचाराचं नाव घेतलं की प्रश्न मिटला. माझं म्हणणं दोघांनाही रुचणार नाही. राहती घरं बांधणाऱ्या ठेकेदाराला परवाना हवाच. पण त्या परवान्याच्या दारात ‘अमुक वर्षांचा अनुभव’ ही अट नको. दारात परीक्षा हवी, तीही हाताने काम करून दाखवायची. अनुभव मोजायचाच असेल तर तो आत आल्यावर, नोंद झालेल्या आणि तपासलेल्या कामांवर मोजा.

आधी आज काय आहे ते पाहू. घरात वीज जोडायची तर तारतंत्रीला आणि विद्युत ठेकेदाराला शासनाचा परवाना लागतो. महापालिकेच्या नळाला हात लावायचा तर परवानाधारक प्लंबर लागतो. रिक्षा चालवायची तर लायसन्स आणि बॅज. मुंबई आणि काही ठरावीक भाग सोडून बाकी राज्यासाठी २०२० साली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली; आर्किटेक्ट, इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि सुपरवायझर यांची पात्रता आणि जबाबदारी तिच्यात लिहिलेली आहे. पण ज्याच्या हातून प्रत्यक्ष कॉलम उभा राहतो, जो सिमेंटमध्ये पाणी किती घालायचं ते ठरवतो, त्या ठेकेदाराने कुठे परीक्षा दिली, असं कुणी विचारत नाही. रेरा कायदा आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा, असं त्यात म्हटलंय. पण तो कायदा विकायला बांधणाऱ्यांसाठी, आणि त्यातही पाचशे चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर नोंदणीची गरज नाही. स्वतःच्या प्लॉटवर स्वतःचं घर बांधणारा शिक्षक, एसटीचा कंडक्टर, द्राक्षाच्या पैशातून गावात स्लॅबचं घर टाकणारा शेतकरी यांतला कुणीच त्यात बसत नाही. खेड्यात तर २०२१पासून सोळाशे चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरच्या घराला बांधकाम परवानगीचीही गरज उरलेली नाही. ग्रामस्थांचे हेलपाटे वाचले, हे चांगलंच झालं. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की कागदावरचा नकाशा सोडला तर प्रत्यक्ष बांधताना त्या घरात आणि त्या घरातल्या माणसांत ठेकेदाराच्या समजुतीशिवाय दुसरी कुठलीही चाळणी नाही. म्हणून ‘आहे ते काय वाईट आहे’ म्हणणाऱ्यांशी माझं फारसं भांडण नाही. त्यांनी आपलं घर कुणाकडून बांधून घेतलं आणि त्या माणसाबद्दल कुठे कुठे चौकशी केली, एवढंच स्वतःला विचारावं.

खरा वाद पहिल्या बाजूशी आहे, कारण ती बाजू अर्धी बरोबर आहे. अनुभवाची बाजू मांडायची तर नीट मांडू या. कागदावरच्या परीक्षेत कधी येणार नाहीत अशा गोष्टी साइटवर असतात. पाया खणताना पाच फुटांवर मुरूम लागेल असं सगळे धरून बसलेत आणि निघते काळी माती. आता अजून खोल जायचं की फुटिंग रुंद करायचं, की काम थांबवून इंजिनिअरला बोलवायचं? स्लॅब अर्धा झालाय, मिक्सर चालू आहे आणि आभाळ भरून आलंय. कुठे थांबवलं तर जोड सुरक्षित राहील? सेंटरिंगखालचा एक टेकू जरा खचल्यासारखा दिसतोय. माल ओतणं चालू ठेवायचं की सगळ्यांना खाली उतरवायचं? पुस्तकात याची उत्तरं आहेत, पण अर्ध्या मिनिटात, तीस मजुरांसमोर, रोजंदारी चालू असताना ती सुचणं ही वेगळी गोष्ट आहे. ती अंगात मुरावी लागते. नुकत्याच पदवी घेतलेल्या इंजिनिअरपेक्षा चार इयत्ता शिकलेला मिस्त्री अशा वेळी शहाणा ठरतो, हे ज्याने घर बांधून घेतलंय त्याला सांगायची गरज नाही. डॉक्टरला इंटर्नशिप करावी लागते, वकिलाला सीनियरच्या हाताखाली घासावं लागतं. मग चार मजली छत डोक्यावर उभं करणाऱ्याने का नाही? आणि ज्या घरमालकाला एम-२० आणि एम-१५ या काँक्रीटच्या प्रतींतला फरक कळत नाही, त्याने ठेकेदार पारखायचा तरी कशावरून? ‘पंचवीस वर्षं या लाइनमध्ये आहे’ हे एकच वाक्य त्याला समजतं.

हे सगळं खरं धरून मी एकच प्रश्न विचारतो. अनुभव शिकवतो कधी? चूक लवकर आणि चूक करणाऱ्याच्याच अंगावर परत येते तेव्हा. गच्चीचा उतार उलटा गेला तर पहिल्या पावसातच कळतं, मालक दारात येऊन शिव्या घालतो, शेवटचा हप्ता अडकतो. पुढच्या घरी तो मिस्त्री उतार दोनदा तपासतो. प्लास्टर सुटलं, फरशी वाजायला लागली, दरवाजाची चौकट काटकोनात नाही, या सगळ्या चुका वर्षाच्या आत उघड्या पडतात. म्हणून या कामांत वीस वर्षांचा मिस्त्री दोन वर्षांच्या मिस्त्रीपेक्षा खरोखरच चांगला असतो. पण ज्या चुकांनी माणसं मरतात त्या अशा नसतात. त्या काँक्रीटमध्ये गाडल्या जातात आणि पंधरा, वीस, चाळीस वर्षं गप्प बसतात.

कुठल्याही छोट्या साइटवर जाऊन रिंगा बनवणाऱ्या फिटरजवळ दहा मिनिटं उभं राहा. फळीवर सळईचे तुकडे ठोकलेले असतात, त्यात आठ एमएमची सळई अडकवायची, चावीने चार वेळा वाकवायची, की कॉलमच्या उभ्या सळया बांधून धरणारी रिंग तयार. हात इतका बसलेला असतो की तो तुमच्याशी बोलत बोलत काम करतो आणि मापात एका सूताचा फरक पडत नाही. आता त्या रिंगेची दोन टोकं बघा. बहुतेक ठिकाणी ती काटकोनात वळवून सोडलेली दिसतील. भूकंपरोधक बांधकामाचं भारतीय मानक, आयएस १३९२०, सांगतं की टोक १३५ अंशांत वळवून कॉलमच्या गाभ्यात शिरलेलं हवं. कारण जमीन हलते तेव्हा कॉलमचं बाहेरचं आवरण आधी झडतं. काटकोनातलं टोक त्या आवरणातच असतं, ते उघडतं, रिंग सुटते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. फिटरला विचारलंत तर तो सांगेल, ‘तसं वाकवलं तर रिंग वरून घालायला त्रास होतो. आम्ही पहिल्यापासून असंच करतो.’ त्याचं खोटं नाही. वीस वर्षांत त्याने हजारो रिंगा अशा वाकवल्या आणि एकही घर पडलं नाही, कारण त्या वीस वर्षांत त्याच्या गावाला जोराचा धक्का बसला नाही. त्याच्या अनुभवाने त्याला काय शिकवलं? काटकोन चालतो, हेच. दहा वर्षांची अट लावा, हा माणूस पहिल्याच दिवशी परवाना घेऊन जाईल, आणि ज्याला कुणीतरी कालच १३५ अंश शिकवले तो पोरगा रांगेबाहेर राहील.

हे तात्त्विक वाटत असेल तर किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात जवळपास आठ हजार माणसं गेली, आणि त्यांतली बहुतेक आपल्याच घराखाली. जाड दगडी भिंती, दगडांच्या सांध्यांत माती, वर लाकडावर मातीचं माळवद. गळू नये म्हणून दर काही वर्षांनी वर आणखी मातीचा थर. ती घरं बांधणारे अडाणी होते का? मुळीच नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते माळवद किती गार राहतं, हे पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवातूनच आलेलं होतं. त्या हातांना दगड कळत होता, माती कळत होती, ऊन कळत होतं. मोठा भूकंप कळत नव्हता, कारण कुणाच्या आज्याच्या आठवणीतही तो आलेला नव्हता. भिंतीचे बाहेरचे आणि आतले दगड एकमेकांना न जोडता नुसते शेजारी रचलेले, त्यामुळे हादऱ्याने भिंत दोन पदरांत फाटली आणि माळवदाचं टनावारी वजन खाली आलं. पुढे पुनर्वसनात हजारो उभ्या घरांची मजबुती झाली ती भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे जोड घालून, छताचं वजन कमी करून. या गोष्टी गवंड्यांना शिकवाव्या लागल्या. थोड्या दिवसांत शिकवता आल्या, हेही लक्षात घ्या. शंभर वर्षांच्या सामुदायिक अनुभवाला जे दिसलं नव्हतं, ते चांगल्या प्रशिक्षकाने गवंड्याच्या हातात आणून दिलं.

आता दुसरा मुद्दा. समजा, अनुभव ही गोष्ट चांगलीच आहे. तो सिद्ध कसा करायचा? अमेरिकेत राहणारे आपले नातेवाईक या वादात हमखास कॅलिफोर्नियाचं उदाहरण देतात. तिथे १९२९पासून ठेकेदारांचं परवाना मंडळ आहे. अर्जदाराने मागच्या दहा वर्षांत किमान चार वर्षं कसबी कारागीर, फोरमन, सुपरवायझर किंवा ठेकेदार म्हणून काम केलेलं असावं लागतं. शिक्षणाबद्दल त्यातली जास्तीत जास्त तीन वर्षं माफ होऊ शकतात. ते काम डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने सही द्यावी लागते. वर परीक्षा आणि पंचवीस हजार डॉलरचा हमीचा बाँड. उदाहरण चांगलं आहे, पण अर्धंच सांगितलं जातं. सहीवर शंका आली तर मंडळाला पगाराच्या नोंदी, कराचे कागद, बांधकाम परमिटं मागता येतात, कारण ते कागद तिथे असतात. आपल्याकडे बिगारी आणि गवंडी आठवड्याच्या बाजारी हिशेब करतो, रोख घेतो, मधल्या दिवसांत उचल घेतो. दिवाळीनंतर साइट बदलते, जिल्हा बदलतो. कलबुर्गीहून पुण्यात आलेल्या मिस्त्रीच्या दहा वर्षांचा पुरावा कुठल्या कपाटात आहे? फार तर मुकादमाच्या खिशातल्या डायरीत, आणि ती पावसात भिजली.

मग सही कोण देणार? ज्याच्या हाताखाली त्याने काम केलं तो ठेकेदार. त्याने ती का द्यावी? ज्या दिवशी तो सही देईल त्या दिवशी त्याचा सगळ्यात चांगला मिस्त्री जाईल आणि त्याच गल्लीत त्याच्यापेक्षा चौरस फुटामागे पन्नास रुपये कमी दर लावून उभा राहील. शिवाय ‘हा माझ्याकडे आठ वर्षं होता’ असं लिहून देणं म्हणजे आठ वर्षं त्याचा भविष्यनिर्वाह निधी भरला नाही, हेही लिहून देणं. अशा सह्या दोनच प्रकारे मिळतात, नात्याने किंवा पैशाने.

पैशाने कशा मिळतात, याचा धडा आपल्या राज्यात आधीच झालेला आहे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी मागच्या वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. योजना उत्तम आहे. त्यातून भांड्यांचा संच, मुलांच्या शिष्यवृत्त्या, उपचाराला मदत मिळते. पण त्या नव्वद दिवसांच्या कागदाचं काय झालं, हे तालुक्याच्या कुठल्याही सेतू केंद्राबाहेर उभं राहून ऐका. ज्याने आयुष्यात घमेलं उचललं नाही त्याला कागद मिळतो, आणि खऱ्या बिगाऱ्याला ‘तुझ्या ठेकेदाराचं पत्र आण’ म्हणून परत पाठवतात. नव्वद दिवसांची ही गत, तर दहा वर्षांच्या कागदाचा भाव काय फुटेल? नव्या मीटरसाठी लागणारा टेस्ट रिपोर्टही त्यातलाच. परवानाधारक विद्युत ठेकेदाराने वायरिंग तपासून सही-शिक्का द्यायचा असतो. किती घरांत तो ठेकेदार जिना चढून आलाय? दुकानातच शिक्का मारलेला फॉर्म मिळतो. सरकारी कामांच्या टेंडरमध्ये तर ‘लायसन्स कुणाचं आणि काम कुणाचं’ हा विनोदही आता जुना झालाय. अनुभवाचा दाखला ज्याच्या नावावर, तो टक्का घेऊन घरी बसतो.

इथे समोरचा माणूस मला बरोबर पकडतो. सही विकत मिळते तर परीक्षेचा निकाल विकत मिळणार नाही का? मिळेल. आपल्याकडे कुठली परीक्षा विकली गेली नाही हे शोधायला भिंग लागेल. पण दोन्हींत फरक आहे. अनुभव ही भूतकाळाबद्दलची गोष्ट आहे. ती खोटी आहे हे सिद्ध करायला दहा वर्षं मागे जावं लागतं. परीक्षा ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मैदानात, दहा लोकांच्या डोळ्यांसमोर होते, तिचं चित्रण करता येतं, आणि शंका आली तर त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं करता येतं. ‘वाकवून दाखव रिंग’ असं म्हटल्यावर पाकिटाने सळई वाकत नाही. मी ज्या परीक्षेबद्दल बोलतोय ती पर्यायांवर टिक करायची नाही. चार कॉलमची आखणी, ओळंबा आणि पाणपातळी लावून. रिंगा बांधून, सळईभोवती काँक्रीटचं आवरण राहावं म्हणून कव्हर ब्लॉक ठेवणं. एक घाणी माल बनवणं आणि त्यात पाणी किती, ते का, हे तोंडी सांगणं. बीमखालचे टेकू कधी काढायचे, हे सांगणं. मराठीत, हिंदीत, कन्नडमध्ये, ज्याला जी येते तीत. वाचता येत नसेल तरी चालेल. नकाशा वाचता आलाच पाहिजे.

वाचता न येणाऱ्याला परवाना म्हटल्यावर काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. २०१९पर्यंत आपल्याकडे व्यावसायिक वाहन चालवायला आठवी पासची अट होती. ट्रक चालवण्यात वाकबगार असलेली कितीतरी माणसं त्या अटीपायी बाहेर राहिली, किंवा खोटे दाखले काढून आत आली. केंद्राने अट काढली आणि सांगितलं, शिक्षण नको, पण प्रशिक्षण आणि चालवायची चाचणी कडक करा. वाहन परवान्याची सगळी रचनाच इथे विचार करण्यासारखी आहे. पहिल्या परवान्यासाठी कुणी वर्षं मागत नाही. शिकाऊ परवाना, तीस दिवस, मग चाचणी. पण ट्रक-बसच्या परवान्यासाठी मात्र हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर आधीपासून हातात असावा लागतो. म्हणजे कायद्याने अनुभव मागितला, पण दाराच्या आतला. तो अनुभव कुणाच्या सहीवर अवलंबून नाही. तो परवान्यावरच्या तारखेतच असतो.

अनुभवाची अट दारात ठेवण्याचा प्रयोग इतिहासात याआधीही झालाय. इंग्लंडमध्ये १५६३च्या कायद्याने ठरवलं की सात वर्षं शिकाऊ राहिल्याशिवाय कुणी कुठलाही धंदा करू नये. त्याचे अर्थ लावता लावता न्यायालयं इथवर पोचली, की बग्गी बनवणाऱ्याने स्वतःच्या बग्गीची चाकं बनवायची नाहीत, पण चाकं बनवणाऱ्याने बग्गी बनवली तर चालेल. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने १७७६ साली या नियमाची टर उडवली आणि एक मुद्दा मांडला : बाजारात वाईट माल येतो तो सहसा कौशल्य नसल्यामुळे नव्हे, लबाडीमुळे, आणि लबाडीवर सात वर्षांची उमेदवारी हा इलाज नाही. शिकाऊपणाची ती कलमं १८१४ साली रद्द झाली. स्मिथचं सगळं मला पटत नाही. काटकोनातली रिंग ही लबाडी नाही, ती सवय आहे, आणि सवयीवर शिकवणं आणि तपासणं हेच औषध. पण लबाडीबद्दल तो बरोबर होता. मुंब्र्याजवळ शीळ भागात ४ एप्रिल २०१३ रोजी जी इमारत कोसळून ७४ माणसं मेली ती मुळात बेकायदा होती; त्या प्रकरणात महापालिकेच्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली. तिच्या बिल्डरकडे दहा वर्षांचा अनुभव मागितला असता तर ती पडली नसती, असं कुणाला खरोखर वाटतं? महाडची तारिक गार्डन ही इमारत २४ ऑगस्ट २०२०ला सोळा जणांना घेऊन गेली. गुन्हा बिल्डरवर, आर्किटेक्टवर, आरसीसी सल्लागारावर आणि नगरपालिकेच्या माणसांवर दाखल झाला. म्हणजे ज्यांना पदवी आणि पात्रता आवश्यकच असते, अशांची नावंही त्या यादीत होती.

कॅलिफोर्नियाच्या जोडीला फ्लोरिडाही सांगायला हवा. तिथेही ठेकेदाराला अनुभव आणि परीक्षा दोन्ही लागतात. २४ ऑगस्ट १९९२ला अँड्र्यू वादळ आलं आणि नव्या वसाहतींची छपरं उडाली. नंतर पाहिलं तर छपराचं प्लायवूड स्टेपलने ठोकलेलं, आणि कित्येक स्टेपल खालच्या लाकडात शिरलेच नव्हते. परवाने होते, छपरावर चढून बघणारं कुणी नव्हतं. पुढे सुधारणा झाली ती अनुभवाची वर्षं वाढवून नाही. बांधकामाचे नियम कडक करून आणि तपासणी सुधारून. २००२पासून राज्यभर एकच बांधकाम संहिता लागू झाली. उलट टोकाला टेक्सास आहे. तिथे २००३ साली घरबांधणी ठेकेदारांची नोंदणी आणि घरमालकांच्या तक्रारींची छाननी करणारा आयोग आला. परीक्षा नाही, अनुभवाची अट नाही, दात नाहीत. घरमालकांचं भलं होण्याऐवजी त्यांच्याच वाटेत तो एक पायरी होऊन बसला, अशी टीका झाली आणि २००९ साली विधिमंडळाने त्याला मुदतवाढ नाकारली. म्हणून जे म्हणतात, ‘फक्त एक ऑनलाइन नोंदणी ठेवा’, त्यांच्याही मी बाजूचा नाही.

अनुभवाच्या अटीबद्दल माझा सगळ्यात मोठा राग वेगळाच आहे. कुठल्याही साइटवर बाई काय करते? घमेलं उचलते, विटा पोचवते, पाणी मारते, वाळू चाळते. पंधरा वर्षं करते. करणी तिच्या हातात येत नाही. तिच्या नवऱ्याच्या हातात पाच वर्षांत येते. उद्या परवान्यासाठी ‘गवंडी म्हणून सात वर्षं’ मागितली तर तिचा अनुभव किती? शून्य. तिला कुणी गवंडी होऊच दिलं नाही, आणि आता ती गवंडी नव्हती म्हणून तिला ठेकेदार होता येणार नाही. झारखंडात स्वच्छ भारत मोहिमेच्या काळात शौचालयं बांधायला गवंडी मिळेनात, तेव्हा हजारो बायकांना काम शिकवलं. त्यांना ‘राणी मिस्त्री’ म्हणतात. त्यांनी भिंती उभ्या केल्या आणि त्या उभ्या आहेत. वर्षं मोजत बसलो असतो तर त्यांतली एकही त्या मचाणावर चढली नसती. हे बायकांपुरतं नाही. आपल्याकडे कामाची वर्षं कुणाच्या नावावर जमा होतात, हे जात, गाव आणि नातं ठरवत आलंय. ज्याचा मामा ठेकेदार, त्याची वर्षं अठराव्या वर्षापासून सुरू होतात.

कुणी म्हणेल, मग जे आज तीस वर्षं काम करतायत त्यांना परीक्षेला बसवून अपमान करायचा का? फार्मसीचा कायदा १९४८ साली आला तेव्हा पहिलं रजिस्टर करताना, पदविका नसलेल्या पण दवाखान्यात किमान पाच वर्षं औषधं बनवून देणाऱ्यांनाही नोंदणीची वाट ठेवली होती. तसं इथेही करता येईल, पण लक्षात घ्या, तिथे अनुभवाने दार रुंद केलं होतं. आज जी मागणी चाललीय ती अरुंद करायची आहे. तीस वर्षांच्या मिस्त्रीला अर्जाची कागदपत्रं माफ करा, फी माफ करा. रिंग मात्र त्यानेही वाकवून दाखवावी. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि ज्याला येतं त्याला त्यात अपमान वाटायचं कारण नाही.

पहिला परवाना तळमजला आणि वर एक मजला, एवढ्यापुरताच असावा. त्या परवान्याचा नंबर घराच्या कागदावर लागावा आणि दोन वेळा कुणीतरी येऊन बघावं : जोत्यापर्यंत आल्यावर आणि स्लॅब ओतायच्या आधी, सळई उघडी असताना. काँक्रीट पडल्यानंतरची तपासणी म्हणजे फोटोला हार घालणं. अशी आठ-दहा घरं तपासून नोंदली गेली की त्याच माणसाला तीन-चार मजल्यांचा परवाना मिळावा. हाच तो अनुभव, जो मला मान्य आहे. त्याला मुकादमाची सही लागत नाही, आणि कुठल्या गावात कुठलं घर, हे कुणालाही जाऊन पाहता येतं. घरमालकालाही ‘पंचवीस वर्षं लाइनमध्ये’ या वाक्याऐवजी पत्ते मिळतील.

तपासायला माणसं कुठून आणणार, हा शेवटचा आणि खरा अडसर. नगरपालिकेतल्या एका कनिष्ठ अभियंत्याकडे रस्ते, गटारं, निवडणुका आणि सर्वेक्षणं असतात. त्याच्या डोक्यावर हे टाकलं तर तो खुर्चीतूनच सही करेल. म्हणून सगळीकडे एकदम नको. सुरुवात घरकुलांपासून करता येते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरांचे हप्ते आजही टप्प्याटप्प्यानेच सुटतात आणि प्रत्येक टप्प्याला जागेच्या नोंदीसह फोटो चढवावा लागतो. त्याच योजनेत गवंड्यांसाठी पंचेचाळीस दिवसांचं प्रशिक्षण आहे, प्रत्यक्ष घरकुल बांधता बांधता द्यायचं, शेवटी मूल्यमापन करून प्रमाणपत्र देणारं. फोटो आहे, टप्पा आहे, प्रमाणपत्र आहे. ते घर कुणी बांधलं, त्याचा प्रमाणपत्र क्रमांक त्या फोटोखाली टाकायला फॉर्ममध्ये एक रकाना वाढवावा लागेल, आणि स्लॅबच्या आधीचा एक फोटो रिंगेच्या टोकाजवळून काढावा लागेल.